गिझरची कॉइल पुन्हा पुन्हा का जळते?

थंडी वाढली की नाशिकमध्ये घरोघरी एकच तक्रार सुरू होते: ‘कॉइल परत गेली.’ नवी कॉइल बसते, आठ-दहा महिने चालते आणि पुन्हा पाणी थंड. वाचकांच्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचा फ्लॅट आहे. २५ लिटरच्या गिझरची दोन वर्षांत तिसरी कॉइल बदलली. सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्र येतं. मेकॅनिक म्हणतो, कंपनीची ओरिजिनल कॉइल टाका. फरक पडेल का?

फारसा नाही. आधी जळालेली कॉइल मेकॅनिककडून मागून घ्या, भंगारात जाऊ देऊ नका. तिच्याकडे नीट पाहिलं तरी निम्मं निदान होतं. कॉइलच्या बाहेरच्या नळीवर अंड्याच्या कवचासारखा पांढरा, जाड थर आणि त्याखाली तडा दिसला, तर दोष क्षारांचा. थर नाही, पण नळी काळीनिळी पडून वाकली असेल, तर ती पाण्याशिवाय तापली. टाचणीएवढी भोकं आणि हिरवट डाग म्हणजे गंज. नळी धडधाकट पण टर्मिनल करपलेलं असेल, तर वायर ढिली होती. कॉइल बिचारी चांगलीच होती.

तुमच्याकडे बहुधा क्षारच सापडतील. गंगापूर धरणाचं पाणी त्यामानाने मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून मुरत येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं. असं पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो आणि सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे कॉइलवर, जमतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, आतली तार वाजवीपेक्षा जास्त तापते आणि शेवटी नळी फुटते. कॉइल ओरिजिनल असली तरी तिच्यावर हा थर बसणारच.

टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ दाखवणारं यंत्र) विसंबू नका, त्यावरून पाण्याचा जडपणा कळत नाही. थेंब मोजून तपासायचं हार्डनेस किट घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट आणि ६०० ही कमाल मर्यादा आहे. आकडा ३००च्या वर असेल तर पुढची कामं दरवर्षी दिवाळीच्या आधी करून घ्या.

एमसीबी (गिझरच्या लाइनचा सर्किट ब्रेकर) बंद करा, इनलेटचा कॉक बंद करा आणि टाकी रिकामी करा. फ्लँज (कॉइल जिच्यावर बसते ती झाकणासारखी चकती) उघडून कॉइल बाहेर काढा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूफूल) विरघळवा आणि टर्मिनल कोरडी ठेवून फक्त नळी दोन-तीन तास बुडवा. पाणी उकळतं नको, उकळत्या पाण्यात दुसराच पांढरा क्षार तयार होऊन बसतो. संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको. ते तांबं आणि टाकीचा आतला लेप दोन्ही खातं. टाकीच्या तळाशी साचलेला चुरा काढा. मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड निम्म्याहून बारीक झाला असेल तर बदला. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते. गॅस्केट (फ्लँजखालचं रबरी सील) मात्र दर वेळी नवंच बसवा.

थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवा. ६०च्या पुढे क्षार झपाट्याने बसतात. गिझर आठवडाभर बंद असेल, तर पहिल्या वेळी ६५पर्यंत तापवून मग वापरा, म्हणजे साठलेल्या पाण्यातले जंतू मरतील. पहिलं पाणी चटका देण्याइतकं गरम असतं, म्हणून मुलांना आधी नळाखाली जाऊ देऊ नका. नवी कॉइल घ्यायचीच असेल तर तांब्याऐवजी इनकोलॉय ८०० (निकेल, क्रोमियम आणि लोखंडाचा मिश्रधातू) मागा. ती जड पाण्यात जास्त टिकते, पण साफसफाई तिलाही लागते.

प्रश्न : नाशिकरोडला राहतो. गिझर चालू केल्यावर दहा मिनिटांनी ईएलसीबी पडतो. कॉइल नवीच आहे. ईएलसीबी काढून साधा एमसीबी लावू का?

नका. ईएलसीबी म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच. तीस मिलिअँपिअरची गळती होताच तो पडतो, तेवढ्यामुळे आंघोळ करणारा माणूस वाचतो. गरम झाल्यावर पडतोय म्हणजे कॉइलला बारीक तडा आहे, किंवा नळी आणि तार यांच्यामधल्या इन्सुलेशनच्या पावडरीत ओल शिरली आहे. मल्टिमीटरने तपासा: प्लग काढून, कॉइलच्या वायरी सोडवून दोन टर्मिनलमध्ये रोध मोजा. २ किलोवॅटला तो २६ ओहमच्या आसपास हवा. मग एक टर्मिनल आणि नळीचं धातूचं अंग यांत मोजा; तिथे वाचन येताच कामा नये. साध्या मीटरवर बारीक गळती दिसत नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासून घ्या. गळती असेल तर कॉइल बदलून मागा.

प्रश्न : मखमलाबादला बंगला आहे. सोलरचा बॅकअप हीटर दर उन्हाळ्यात जळतो. हिवाळ्यात काही होत नाही.

उन्हाळ्यात पाणीपुरवठा कमी झाला की वरची थंड पाण्याची टाकी रिकामी होते. त्या पाइपवर इतर नळ असतील, तर सोलर टाकीतलं पाणी इनलेटमधून उलटं उतरतं, पातळी कॉइलच्या खाली जाते आणि बॅकअप चालू असेल तर कॉइल कोरडीच पेटते. सोलरला थंड पाण्याची स्वतंत्र लाइन द्या आणि तिच्यावर स्विंग प्रकारचा (झडप झुलणारा) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवा. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह टाकीच्या कमी दाबाला नीट उघडत नाही. एप्रिल-मेमध्ये बॅकअपचा एमसीबी पाडूनच ठेवा, तेव्हा त्याची गरजही नसते. आणि काचेच्या नळ्या कोरड्या असतील तर भर दुपारी पाणी सोडू नका. तापलेल्या नळ्या तडकतात. ते काम सकाळी लवकर करा.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बाजूला फार्महाऊसवर हॉट टब आहे. हीटर सारखा बंद पडतो. तीन किलोवॅटचा हीटर बदलला, तरी तेच.

हीटरमधून पुरेसं पाणी वाहत नसेल तर फ्लो स्विच तो बंद करतो. स्विच आपलं काम करतोय, म्हणून त्याला वायर जोडून बायपास करू नका. फिल्टर काढून टब थोडा वेळ चालवा. हीटर टिकला तर दोष फिल्टरचा. तो दर दोन आठवड्यांनी धुवा. तरीही बंद पडला तर पंपाजवळ हवा अडकली आहे का बघा. टब नव्याने भरल्यावर हे हमखास होतं. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. खाली गेला तर हीटरची नळी गंजते, वर गेला तर चुना बसतो. आणि एक हिशेब: एक हजार लिटर पाणी २०वरून ३८ अंशांवर न्यायला तीन किलोवॅटला सात तास लागतात, झाकण उघडं असेल तर त्याहून जास्त. ‘तापत नाही’ म्हणण्याआधी झाकण लावून तेवढा वेळ द्या.

प्रश्न : गिझरचा प्लग काळा पडतो. चिंता करावी का?

हो, आजच. २ किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, त्यामुळे ६ अँपिअरचं सॉकेट त्याला चालत नाही. १६ अँपिअरचं सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. काळवंडलेला प्लग आणि सॉकेट दोन्ही एकाच वेळी बदला, कारण जुन्या सॉकेटच्या ढिल्या पत्त्या नवा प्लगही जाळतात.