लोकरीती, लोकनीती आणि कायदा यात नेमका फरक कसा ओळखायचा?

अकरावीत आहेस असं लिहिलंयस म्हणजे वय माझ्या भाचरांएवढं, म्हणून सरळ तू म्हणते, राग मानू नको. तुझी अडचण अशी की पुस्तकात तिन्हीच्या व्याख्या वाचल्या की सगळं एकच वाटतं आणि पेपरात उदाहरण आलं की नक्की कुठल्यात टाकायचं कळत नाही. मी शिवाजी विद्यापीठातनं समाजशास्त्रात एम.ए. केलंय (नोकरी भलतीच करते ते सोड) आणि मला पण सुरुवातीला असंच व्हायचं, व्याख्या तोंडपाठ आणि उदाहरणाला भोपळा.

तर नियमाकडं बघूच नको. नियम मोडला की आजूबाजूची माणसं काय करतात तेवढं बघ.

माझंच सांगते. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत वाढले. आमच्याकडं बायकापण 'मी येतो', 'मी जेवलो' असं बोलतात, आजी बोलायची, आई अजून बोलते, त्यात काही वेगळं आहे हे मला एकविसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. मग पुण्याला कॉट बेसिसवर राहायला गेले आणि पहिल्याच दिवशी रूमवर म्हणलं, "थांबा, मी आंघोळ करून आलो", तर तिघीजणी पोट धरून हसायला लागल्या. पुढं महिनाभर "आलास का रे भावा" चालू. कुणी मारलं नाही, दंड नाही, साधं रागावलंपण नाही, पण महिन्याभरात मी गपगुमान 'येते, जाते' वर आले. ही लोकरीती. मोडली की लोक हसतात, नाक मुरडतात, येडं आहे म्हणतात आणि विसरून जातात. ही विभागणी करणारा विल्यम ग्रॅहॅम समनर, अमेरिकन, त्याचं पुस्तक १९०६ सालचं, पेपरात नाव टाकलंस तर बरं दिसेल.

त्याच तिघी नंतर कोल्हापूरला आल्या, तर मी हौसेनं गंगावेशीला नेलं, तिथं म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळलेलं दूध तसंच ग्लासात देतात. एक म्हणाली, "शी, न तापवता?" मला असला राग आला! आणि मग आठवलं की पुण्यात मिसळीत पोहे बघून मीपण अगदी असंच 'शी' म्हणले होते. आपलं तेच बरोबर धरून दुसऱ्याचं मोजायचं, याला स्वसमूहकेंद्रितता म्हणतात, तो शब्द रुळवला तोपण समनरनंच.

आता लोकनीती. इथं लोक हसत नाहीत, इथं बोलणं थांबतं.

माझी काकू छत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. गौरी-गणपतीला आमच्याकडं हळदीकुंकवाला पेठेतल्या पन्नासेक बायका यायच्या आणि काकू सकाळपासनं राबून, वाट्या भरून, सगळ्या बायका यायच्या वेळेला स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तिला कुणीही, कधीही 'आत जा' म्हणलेलं मला आठवत नाही. नियम मोडायची वेळच येत नव्हती, कारण मोडलं तर काय होईल ते तिला आधीच ठाऊक होतं. पुस्तकात 'अंतरीकरण' म्हणून जो शब्द असतो ना, म्हणजे बाहेरचा नियम आपल्याच मनात जाऊन बसणं, तो मला वर्गात नाही, त्या स्वयंपाकघराच्या दारात कळला.

आणि यातनं अजून एक कळतं. पुस्तकात लोकनीती म्हणजे समाजाच्या हितासाठी आवश्यक मानलेले नियम असं लिहिलेलं असतं, त्यातल्या 'मानलेले' या शब्दाखाली रेघ मार. हित असतंच असं नाही. समनरचंच म्हणणं होतं की लोकनीती कुठलीपण गोष्ट बरोबर ठरवू शकते.

कायदा सोपा आहे, लिहिलेला असतो आणि शिक्षा सरकार देतं. मजा आहे ती कायदा आणि लोकनीती एकमेकांच्या आड येतात तिथं. विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा इंग्रजांच्या काळात १८५६ ला झाला, आमच्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ ला केला, आणि शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाला बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव ग्रामसभेत करावा लागला तो मे २०२२ मध्ये. हिशोब कर किती वर्षं झाली. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनापण तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. माझ्या मते हेरवाडचं महत्त्व यात आहे की ज्या लोकांच्या नजरेची भीती, त्याच लोकांनी एकत्र बसून ठरवलं.

महाराजांना हे बरोबर माहीत असणार. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, दलित माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, तर महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनापण पाजायचे. नुसता हुकूम काढून हे झालं नसतं. मोडणारा माणूसच एवढा मोठा की त्याला वाळीत कोण टाकणार! (वाळीत टाकणं म्हणजे लोकनीतीची सगळ्यात कडक शिक्षा, आणि आता महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं ती शिक्षा देणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकनीती आणि कायदा दोन्ही एकाच उदाहरणात पाहिजे असतील तर हे वापर.)

हेरवाडचं ऐकून त्या वर्षी आईनं काकूला हळदीकुंकवाला बाहेर बोलावलं, करंडा पुढं केला, तर काकूनंच मान मागं घेतली, "नको, लोक काय म्हणतील." दुसऱ्या वर्षी बाहेर येऊन बसली. कुंकू नाही लावलं, पण बसली, आणि दोन बायका लवकर उठून गेल्या ते मी बघितलं.

प्रॅक्टिकल करायचं असेल तर हॅरॉल्ड गार्फिंकलचं कर. हा पण अमेरिकन, यानं विद्यार्थ्यांना आपल्याच घरात पेइंग गेस्टसारखं वागायला सांगितलं होतं. आज संध्याकाळी आईला म्हण, "माफ करा, जरा पाणी मिळेल का?" काय उत्तर मिळतं ते लिहून ठेव आणि ठरव कुठल्यात बसतं. आमच्या आईनं लाटणं उगारलं होतं.

चल, कुकरची शिट्टी झाली. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं आमच्यात, म्हणून, येतो.