उगी रिअ‍ॅक्शन छान झाली, पण रॅडिकल सायक्लायझेशनमध्ये रिंग का बनत नाहीये?

तुम्ही लिहिलंय की २-आयोडोबेन्झाल्डिहाइड, अ‍ॅलिलअमाइन, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि टर्शरी ब्युटाइल आयसोसायनाइड मिथेनॉलमध्ये घालून उगी (चार घटक एकाच भांड्यात जोडणारी रिअ‍ॅक्शन) झाली, मग रिंग बनवायला टोल्युइनमध्ये ट्रायब्युटिलटिन हायड्राइड (हायड्रोजन देणारं टिन) आणि एआयबीएन (रॅडिकल सुरू करून देणारं) एकदम टाकून गरम केलं, मास (रेणूचं वजन) बरोबर येतोय पण एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) जुळत नाहीये.

आधी मासवर विसंबू नका. रिंग बनलेलं प्रॉडक्ट आणि नुसतं आयोडीन जाऊन तिथे हायड्रोजन बसलेलं प्रॉडक्ट, दोन्हींचा फॉर्म्युला एकच असतो. प्रोटॉन एनएमआरमध्ये ५ ते ६ पीपीएमला (एनएमआरच्या आडव्या पट्टीवरचं माप) अ‍ॅलिलच्या डबल बाँडचे पीक शिल्लक असतील तर रिंग झालेली नाही. फक्त उगीचा तो एकटा सीएच पण साधारण तिथेच येतो, म्हणून इंटिग्रेशन नीट बघा. सहाची रिंग झाली असेल तर अ‍ॅलिल जातं आणि दीड पीपीएमच्या खाली मिथाइलचा डब्लेट (दोन फाट्यांचा पीक) दिसतो. डायस्टेरिओमर (अवकाशातली मांडणी वेगळी असलेले रेणू) आणि अमाइड रोटामर (अमाइड बाँडभोवती वेगळे वळलेले आकार) यांच्यामुळे पीक दुप्पट दिसले तर घाबरू नका, उगीच्या प्रॉडक्टमध्ये हे नेहमीचं आहे.

आता खरं कारण. आयोडीन निघून रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) तयार झाला की त्याला दोन रस्ते असतात, डबल बाँडवर जाऊन रिंग करायची नाहीतर टिनकडून हायड्रोजन घेऊन मोकळं व्हायचं. साध्या ५-हेक्सेनिल रॅडिकलचे आकडे बघा, २५ डिग्रीला रिंग बंद व्हायचा वेग सेकंदाला साधारण २.३ लाख, आणि टिन हायड्राइड ०.१ मोलर असेल तर हायड्रोजन घ्यायचा वेगही जवळपास तेवढाच, पण तेच ०.०१ मोलर केलं की रिंग दहापट पुढे जाते. तुमचा एरिल रॅडिकल (बेन्झिन रिंगवरचा) याहून खूप चपळ आहे, दोन्ही बाजूंनी, पण हिशोब हाच. तुम्ही सगळं टिन एकदम टाकलंत आणि तिथेच रिंग हरली.

म्हणून सोल्यूशन पातळ करा, नायट्रोजन किंवा आर्गॉन चांगला फिरवून ऑक्सिजन काढा आणि टिन हायड्राइड सिरिंज पंपने काही तास घेऊन हळूहळू सोडा. एआयबीएन पण त्याच सिरिंजमध्ये मिसळा, कारण ८० डिग्रीला त्याची हाफ लाइफ (निम्मं संपायला लागणारा वेळ) तास-दीड तासच असते, आधीच सगळं टाकलं तर शेवटपर्यंत उरतच नाही. एवढं करून अ‍ॅलिल राहिलंच तर ट्रिस ट्रायमिथाइलसिलिल सिलेन वापरा, ते हायड्रोजन टिनपेक्षा बरंच हळू देतं, आणि टिनचा विषारी कचरा काढायला पोटॅशियम फ्लोराइडने धूत बसावं लागत नाही. मी तर आता सुरुवातच त्याने करतो.