मार सोसणे हा बाईचा स्वभावदोष?

प्रश्न : माझी मोठी बहीण अनेक वर्षे नवऱ्याची मारहाण सोसते आहे. झोप लागत नाही म्हणून तिला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा ‘दुःख ओढवून घेण्याचा तिचा स्वभावच आहे’ असे सांगण्यात आले. आता तिलाही तेच पटू लागले आहे. असा आजार खरोखर असतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेच्या चालू आवृत्तीत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत असा स्वतंत्र आजार नाही. एकेकाळी मात्र तो होऊ घातला होता, आणि ती हकीकत तुमच्या बहिणीला अवश्य सांगावी.

१९८५च्या सुमारास डीएसएमची सुधारित आवृत्ती तयार होत असताना ‘मॅसोकिस्टिक’, म्हणजे आत्मपीडक, व्यक्तिमत्त्व विकार तीत घालण्याचा प्रस्ताव पुढे आला. चांगला पर्याय असतानाही वाईट वागणूक मिळेल अशीच माणसे निवडणे, कुणी मदत केली तर ती नाकारणे, न मागता दुसऱ्यासाठी अति त्याग करणे असे त्याचे निकष होते. आपल्याकडे सुनेची वाखाणणी ज्या गुणांसाठी होते, त्यांतले काही इथे रोगलक्षणे म्हणून मोजले गेले, हे मला फार अस्वस्थ करते. शिवाय मार खाणारी बाई मुलांसाठी, पैशाअभावी किंवा जिवाच्या भीतीने घरात राहते, तेही बाहेरून पाहणाऱ्याला ‘निवड’च वाटू शकते. पॉला कॅप्लन, लेनोर वॉकर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी या प्रस्तावाला कडाडून विरोध केला. तेव्हा विकाराचे नाव बदलून ‘सेल्फ-डिफीटिंग’, म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणारा, असे करण्यात आले आणि केवळ छळामुळे किंवा छळाच्या धास्तीने घडणारे वागणे त्यात धरू नये, अशी अट घातली गेली. पण घरातला छळ बाई सहसा बोलून दाखवत नाही आणि विचारणाराही विचारत नाही. तिथे ही अट कागदावरच राहणार. १९८७मध्ये हा विकार अधिक संशोधनासाठी म्हणून परिशिष्टात गेला आणि १९९४च्या आवृत्तीतून वगळला गेला.

डीएसएममधून तो गेला तरी ती दृष्टी दवाखान्यांतून गेलेली नाही. निदान करताना फक्त सोसणाऱ्या व्यक्तीकडे पाहिले आणि मारणाऱ्याला चौकटीबाहेर ठेवले, की दोष आपोआप तिच्या स्वभावात सापडतो. झोप उडणे, सतत दचकणे, स्वतःला नालायक समजणे हे दीर्घ छळाचे परिणाम असू शकतात, आणि त्यांवर उपचार आहेत.

दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि मारहाणीची माहिती पहिल्याच भेटीत द्या. त्यांना बहिणीशी एकांतात बोलता येईल, नवरा किंवा सासरचे कुणी समोर नसेल, एवढे पाहा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली (२००५) संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. घर सोडायचे की नाही, हे मात्र तिलाच ठरवू द्या. निघण्याच्या सुमारास हिंसा वाढू शकते, म्हणून त्याआधी सुरक्षित जागा, कागदपत्रे आणि हाताशी थोडे पैसे यांची तजवीज करून ठेवा.