रोटाव्हेटरच्या पात्यांवर हार्डफेसिंग (वेल्डिंगच्या रॉडनं कडक मालाचा थर चढवणं) करून फायदा होतो का, कोणता रॉड वापरावा? मारलेल्या मालाला तडे गेले, वेल्डिंगवाल्यानं फसवलं का?

फायदा होतो भाऊ. वणीकडच्या खुल्या खाणीत पोकलेनच्या बकेटचे दात असाच रॉड मारून चालवतात, मग मुरमाड वावरात पात्यावर काऊन नाही चालणार? क्रोमियम कार्बाइडचा रॉड घ्या, माल ५५ ते ६० एचआरसी (कडकपणा मोजायचं माप) कडक बसतो.

पण तुम्ही तड्यांचं लिहिलं म्हणून मी उत्तर लिहायला बसलो. आमच्या गावातल्या एकानं पात्यांचा पूर्ण सेट माझ्याकडे आणला. मी करंट कमी ठेवून, पात्याच्या एकाच बाजूनं, धारेलगत माल चढवला. थंड होताना टिक टिक आवाज आला आणि मालावर केसासारख्या आडव्या चिरा पडल्या, त्या पडतातच, हा माल इतका कडक असतो की आकसताना ताण असाच मोकळा होतो. हे मी त्याला समजावून सांगितलं, पण त्याचा नागपूरचा कोणी पाहुणा इंजिनिअर, तो फोनवर म्हणाला तडा म्हणजे काम खराब, झालं, चार लोकांसमोर मला चोर ठरवलं अन् मजुरी बुडवली.

तीच पाती त्यानं हंगामभर वापरली बरं का. नंतर त्याच्या धुऱ्यावर रोटाव्हेटर उभा होता तेव्हा मी वाकून पाहिलं, माल जागच्या जागी, मागची उघडी बाजू तेवढी झिजलेली, त्यामुळं धार आपोआप तशीच तेज राहिलेली. एक पातं तुटलं नव्हतं. गावात अजूनही तो तड्यांचंच सांगते.

म्हणून तुम्ही आधी तडा नीट पाहा. मालावर आडवा असेल तर काम चांगलं आहे, मजुरी अडवू नका. मालाच्या कडेनं लांबीला गेला किंवा खाली पात्यात उतरला तरच बोला. पातं बोरॉन स्टीलचं कडक केलेलं असते, लाल होईस्तोवर तापवलं तर नरम पडते, गरम असताना पाण्यात बुडवलं तर तडकते. असं कोणी केलं असेल तर तो दोष वेल्डिंगवाल्याचाच.

हो, पातं आधीच झिजून पातळ झालं असेल किंवा बोल्टाचं भोक लांबट झालं असेल तर रॉड वाया घालवू नका. वावरात मोठे गोटे असतील तरी नवीनच घ्या, गोट्यावर आपटून हा माल टवके उडून निघतो.