चूल, गॅस आणि तापणारी हवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. गॅस खनिज तेलातून येतो, जळण मात्र आपल्याच बांधावरचे असते आणि तोडलेले झाड पुन्हा फुटते. म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीने चूलच बरी, असे मामंजींचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
– एक वाचक भगिनी, राधानगरी तालुका

उत्तर : मामंजींचे म्हणणे चुकीचे नाही, पण अर्धे आहे. झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि लाकूड जळताना तोच परत सोडते, त्यामुळे जेवढे तोडले तेवढे पुन्हा वाढू दिले तर हा हिशेब जुळतो. मात्र त्यासाठी लाकूड पूर्ण जळायला हवे, आणि घरच्या चुलीत ते कधीच पूर्ण जळत नाही. हवा कमी पडते, ज्वाला भांड्याच्या गार बुडाला लागून विझते, आणि मग कार्बन मोनॉक्साइड, मिथेन व काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. मिथेन 100 वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. काजळी हवेत काही दिवसच टिकते, पण तेवढ्या अवधीत ऊन शोषून हवा तापवते. कर्क स्मिथ या संशोधकांनी अनेक वर्षे भारतातील चुलींचा अभ्यास केला. जळण पुन्हा उगवणारे असले तरी एका जेवणामागे साध्या चुलीचा तापमानवाढीतील वाटा गॅसपेक्षा जास्त ठरू शकतो, असे त्यांच्या मोजमापांतून दिसले.

शिवाय साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम 15 टक्के भांड्यापर्यंत पोचते, तर गॅसच्या शेगडीवर सुमारे 60 टक्के. एक किलो गॅसचे काम करायला दहा-अकरा किलो वाळलेले लाकूड लागते ते यामुळेच. जळण ओले असेल तर विचारायलाच नको. आपल्याकडे आषाढात ओंडक्याच्या मागच्या टोकातून फेस येऊ लागतो, तेव्हा आगीची बरीचशी उष्णता ते पाणी आटवण्यातच जाते आणि घरभर धूर कोंडतो. हातात फुंकणी घेऊन चुलीच्या तोंडाशी वाकलेली बाई तो धूर सर्वांत जवळून घेते. माझ्या मते हवामानाच्या प्रश्नाआधी हा प्रश्न येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक मूल्यानुसार सूक्ष्म कणांचे 24 तासांचे प्रमाण घनमीटरला 15 मायक्रोग्रॅमच्या आत असावे. भारताची मर्यादा 60 आहे. चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. 2020 साली घरातल्या अशा धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया, कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांना जडणारा दमा-खोकल्यासारखा फुप्फुसांचा जुनाट विकार, हृदयविकार आणि मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध आहे. धुराडे बसवल्याने स्वयंपाकघर नक्कीच सुधारते, म्हणून ते बसवावेच. परंतु धूर कमी होत नाही, तो गल्लीत जातो आणि शेजारच्या खिडकीतून पुन्हा आत येतो.

आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मला अंघोळीच्या पाण्याचा वाटला. गॅस आल्यावर स्वयंपाक हळूहळू शेगडीवर जातो, पण न्हाणीतली चूल आणि परड्यातला बंब सुटत नाही, आणि मग ‘गॅस घेतलेल्या’ घरातही जळण फारसे कमी होत नाही. तेव्हा आधी पाणी चुलीवरून काढावे. तीन-चार माणसांना 100 लिटरचा सौरबंब आठ महिने पुरतो. राधानगरीच्या पावसाळ्यात तो चालणार नाही, म्हणून त्या चार महिन्यांचे जळण उन्हाळ्यातच फोडून आडोशाला रचावे.

दावणीला चार-पाच जनावरे असतील तर गोबरगॅसचा विचार जरूर करावा. रोजच्या 50 किलो शेणातून सुमारे दोन घनमीटर गॅस मिळतो, तो चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला पुरतो, आणि उरलेली मळी शेतात जाते. तेच शेण शेणी थापून जाळले तर धूर लाकडापेक्षाही वाईट होतो आणि खतही जाते. मात्र टाकीला आणि नळीच्या जोडांना साबणाचे पाणी लावून गळती तपासत राहावे, कारण गळणारा वायू मुख्यतः मिथेन असतो.

प्रश्न : विजेची इंडक्शन शेगडी गॅसपेक्षा चांगली का? वीज तर कोळशावरच तयार होते.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : घरातल्या हवेसाठी चांगली, कारण ज्योत नसल्याने नायट्रोजन डायऑक्साइडही तयार होत नाही, फोडणीचा धूर तेवढा राहतो. हवामानाच्या दृष्टीने मात्र आज उत्तर उलटे आहे. आपली बहुतांश वीज कोळशाची असल्यामुळे तेवढ्याच स्वयंपाकामागे इंडक्शनचा कार्बन डायऑक्साइड गॅसच्या जवळपास दुप्पट भरतो. छतावर सौर पॅनेल असतील आणि दुपारचा स्वयंपाक त्या विजेवर होत असेल, तर हे गणित बदलते. आपण अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि छत सामाईक असेल, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडावा, असे मी सुचवेन. तोवर गॅस बंद करण्याची घाई नको. कुकर वापरावा, डाळ-तांदूळ आधी भिजत घालावेत आणि ज्योत पिवळी दिसू लागली की बर्नर साफ करावा.