आद्य-स्लाव्हिकमधला (रशियन, पोलिश, चेक अशा भाषांच्या पूर्वज भाषेतला) डोंगरवाचक '*गोरा' आपल्या 'गिरी'पासून आला का?

नाही. 'गोरा' 'गिरी'पासून आलेला नाही आणि 'गिरी'ही 'गोरा'पासून नाही. पण दोघं एकाच आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या) धातूची लेकरं आहेत, आणि हे नातं बऱ्यापैकी पक्कं आहे. (आपल्या गोऱ्या रंगाशी मात्र त्याचा काही संबंध नाही, तो 'गौर'वरून आला.)

शब्दाआधीची ताऱ्याची खूण (*) एवढंच सांगते की हे रूप लेखी सापडलेलं नाही. रशियन 'गोरा', पोलिश 'गुरा', चेक 'होरा' शेजारी शेजारी ठेवून ते मागे जात बांधलेलं आहे.

आता स्वर वेगळे का? मूळ धातूची दोन रूपं होती. 'ओ' असलेलं स्लाव्ह लोकांकडे राहिलं, आणि स्वर गळून नुसता स्वरासारखा 'र' उरलेलं आपल्याकडे आलं. या 'र'चा संस्कृतात 'इर' झाला, अवेस्तात (पारशी धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत) मात्र 'अर'. म्हणून तिथे 'गइरि'. संस्कृतातला हा 'इ' मागाहून आला, याचा पुरावा 'गिरी'च्या 'ग'मध्येच आहे. 'इ'पूर्वीच्या जुन्या 'ग'चा संस्कृतात 'ज' व्हायचा. लिथुआनियन 'गीवास' म्हणजे जिवंत, आपला 'जीव' त्याचाच भाऊ. 'गिरी'तला 'इ' तितकाच जुना असता तर आपण आज 'जिरी' म्हणत असतो! मला या शब्दातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

अर्थाची गंमत वेगळीच. बल्गेरियनमध्ये 'गोरा' म्हणजे जंगल. डोंगराला तिथे 'प्लानिना' म्हणतात, म्हणून बाल्कन रांगेचं नाव 'स्तारा प्लानिना'. सर्बियन-क्रोएशियनमध्ये दोन्ही अर्थ चालतात. लिथुआनियन 'गिरिया' म्हणजेही जंगल, आणि जुन्या प्रशियन भाषेत 'गारियान' म्हणजे चक्क झाड. मग आधीचा अर्थ कोणता? माझ्या मते डोंगरच, कारण एकीकडे स्लाव्हिक आणि दुसरीकडे संस्कृत-अवेस्ता ही जवळची जोडी, अशा एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन शाखांत तो टिकून आहे. उतार झाडीनं भरलेले असले की नाव झाडीला चिकटतं. आपल्याकडेही 'डोंगरात लाकडं आणायला गेलाय' म्हणताना मनात असतं ते रानच. त्यात लिथुआनियाची सर्वांत उंच टेकडी ३०० मीटरही भरत नाही. तिथे डोंगरासाठी शब्द राखून ठेवायची गरज कितीशी पडणार?

पोलिशमध्ये उलट ओढ दिसते: 'ना गूझे' म्हणजे शब्दशः 'डोंगरावर', पण रोजच्या बोलण्यात 'वरच्या मजल्यावर'.

नकाशावर हा शब्द तुम्ही पाहिलेला आहे. मॉन्टेनेग्रोचं स्वतःचं नाव 'त्स्र्ना गोरा', म्हणजे काळा डोंगर. बातम्यांतल्या 'नागोर्नो-काराबाख'मधला 'नागोर्नो' हाही रशियनमधून आलेला, अर्थ 'डोंगराळ'. काही जण ग्रीकांचा उत्तरवारा 'बोरेआस'ही याच कुळात बसवतात. ते मला तितकंसं पटत नाही, कारण त्यासाठी त्याचा मूळ अर्थ 'डोंगरावरचा' होता हे आधी गृहीत धरावं लागतं.