ब्रोकोली ओव्हनमध्ये मऊच पडते? सर्व्हिसवाल्यांना फोन करायच्या आधी हे वाचा

"खाली पाणी, वर कोळसा आणि मधला देठ कच्चा" हे ब्रोकोलीबद्दलच्या तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं, सोबतचा फोटो बघितला आणि मला माझाच जुना ट्रे दिसला. २०० अंशांवर २० मिनिटं ठेवलीत तर लिबलिबीत झाली, वैतागून २३० वर नेलीत तर कळ्यांची टोकं काळी पडली आणि देठ तसाच राहिला. आता विचारताय की ओव्हन बिघडलाय का, कंपनीकडे तक्रार करू का. थांबा जरा. मी नेमकी तीच तक्रार केली होती आणि त्यात माझे जवळपास तीन महिने गेले.

तेल किती, मीठ किती, ओव्हन आधी तापवायचा वगैरे तुम्हाला माहीत आहे, ते परत उगाळत नाही.

माझी चूक ओव्हनमध्ये नव्हतीच, सिंकमध्ये होती. अळ्या निघाव्यात म्हणून मी अख्खा गड्डा मिठाच्या पाण्यात उलटा बुडवून ठेवायचे, मग धुवायचं, तुरे सुटे करायचे, चाळणीला दोन हिसके द्यायचे की थेट ट्रेवर. वरून कोरडी दिसायची हो! एकदा सहज वजनकाट्यावर ठेवली. धुण्याआधी ४१२ ग्रॅम, निथळल्यावर ४६१. म्हणजे तीन मोठे चमचे पाणी माझ्या नकळत ट्रेवर जात होतं. ब्रोकोलीचा तुरा म्हणजे न उमललेल्या बारीक कळ्यांचा घट्ट गुच्छ, आणि त्या फटींमध्ये पाणी जे दडून बसतं ते हिसक्यांनी निघत नाही. पालथ्या घड्यावरचं पाणी निदान ओघळून तरी जातं.

आता हे पाणी काय करतं बघा. भाजीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर चढत नाही. खमंग तपकिरी कडा यायला मात्र साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. आणि पाणी नुसतं उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास सातपट ते वाफ करून उडवायला लागते. त्यामुळे ओव्हनचा काटा २२० दाखवत असला तरी तुमची ब्रोकोली पहिली दहा-बारा मिनिटं भाजली जात नसते, वाफवली जात असते. ब्रोकोलीत मुळातच ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यात आपण वरून भर घालतो.

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा मी ओव्हनलाच दोषी धरलं होतं.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा अनुभव कुठल्याही सर्व्हिस सेंटरमध्ये येऊ शकतो. फोनवर प्रश्न एकच: "मॅडम, ओव्हन गरम होतोय का?" होतोय. "मग बरोबर आहे." तक्रार बंद. पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तक्रार बंद. असं तीन वेळा. चौथ्या वेळी मी आवाज चढवला तेव्हा एक गृहस्थ आले. त्यांनी दार उघडलं, हात आत घालून दोन सेकंद हवेत फिरवला आणि निदान केलं, "थर्मोस्टॅट गेलाय." म्हणजे तापमान ताब्यात ठेवणारा पार्ट. थर्मामीटर नाही, मोजमाप नाही. मी आत काय ठेवते, कसं ठेवते, हे विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ओट्यावर भिजलेली ब्रोकोली त्यांच्या डोळ्यांसमोर होती! मी पण इतकी कंटाळले होते की म्हटलं बदला एकदाचा.

नवा थर्मोस्टॅट बसला आणि ब्रोकोली जळायला लागली. शेवटी मी स्वतः ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. काटा २०० वर, आत २३० च्या आसपास. परत फोन केला तर उत्तर आलं, "एवढा फरक चालतो." आणि जुना पार्ट? तो ते गृहस्थ बरोबर घेऊन गेले होते. त्यामुळे तो खरंच बिघडला होता की धडधाकट होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विषय ब्रोकोलीचा आहे हे मान्य, पण घरातल्या कुठल्याही यंत्राचा पार्ट बदलला तर जुना मागून घ्या. असो.

खात्री केली ती अशी. एकाच गड्ड्याचे तुरे अर्धे अर्धे केले. अर्धे आदल्या रात्री धुवून, सुती फडक्यावर पसरून, कोरडे झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवलेले. उरलेले अर्धे माझ्या जुन्या पद्धतीने, आत्ता धुतलेले. एकाच ट्रेवर डावीकडे कोरडे, उजवीकडे ओले, मधे बोटभर जागा. काटा १९० वर, म्हणजे माझ्या ओव्हनमध्ये खरे २२०. बाराव्या मिनिटाला दार उघडलं तर चष्म्यावर वाफ. उजवीकडचे तुरे हिरवेगार, मलूल, खाली ओलसर डाग. डावीकडून बारीक चुरचुर आवाज येत होता आणि ट्रेला टेकलेल्या बाजू तांबूस झाल्या होत्या. ओव्हन तोच, तापमान तेच, तेलही तेच. त्या दिवशी सर्व्हिस सेंटरपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

तेव्हा तुम्ही आधी एवढंच करा: धुवायचं काम निदान दोन-तीन तास आधी उरका. नंतर फडक्यावर तुरे कळ्या खाली करून ठेवा, देठ वर. उलट ठेवलेत तर पाणी फटींत जिरून राहतं. घाई असेल तर सॅलड फिरवायचा तो जाळीचा डबा कामाला येतो, पण नुसत्या चाळणीवर माझा आता विश्वास नाही.

दुसरी गोष्ट गर्दीची. तुमच्या फोटोत तुरे एकमेकांना खेटून बसलेत. एकाची वाफ दुसऱ्याला लागते, मग कोरडे करूनही उपयोग नाही. ट्रे लहान असेल तर दोन खेपा करा. काही जण म्हणतील की मधे मधे हलवत राहा. माझं मत उलट आहे: तुरा उभा चिरून सपाट बाजू ट्रेला टेकवा आणि निदान १२ मिनिटं हात लावू नका. रंग त्या बाजूलाच येतो. जमल्यास रिकामा ट्रे ओव्हनबरोबरच तापवून घ्या, पण तो धातूचा असेल तरच. तापलेल्या काचेच्या भांड्यावर गार भाजी टाकून तडा गेला तर मला बोल लावू नका.

देठ कच्चा राहतो त्याचं कारण त्याची बाहेरची साल. ती दोऱ्यासारखी चिवट असते, कितीही भाजा, सुटत नाही. सुरीने ती सोलून काढा, आतला फिकट गर बोटाच्या पेरापेक्षा पातळ कापा आणि तुऱ्यांबरोबरच टाका. खरं सांगू, मला तुऱ्यांपेक्षा तोच जास्त आवडतो. देठ फेकून देणाऱ्या लोकांशी मी वाद घालत नाही, त्यांचे देठ मागून आणते.

मीठ ट्रे आत जायच्या अगदी आधी. आधीच लावून ठेवलंत तर ते पाणी सोडवतं आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. लसूण पहिल्यापासून घालू नका, जळून कडू होतो. शेवटची चार-पाच मिनिटं उरली की टाका. लिंबूही ट्रे बाहेर आल्यावरच, कारण आंबट आणि उष्णता एकत्र आली की हिरवा रंग मळकट होतो. ओव्हनला पंखा असेल तर काटा २० अंश खाली ठेवा. बेकिंग पेपर वापरत असाल तर पाकिटावर किती अंशांपर्यंत चालतो ते वाचा. बरेच कागद २२० च्या आसपास थांबतात.

फ्रोझन ब्रोकोलीचं गणित वेगळं. ती आधीच थोडी उकळून गोठवलेली असते आणि बर्फाने आतल्या पेशी फाटलेल्या असतात. वितळवायला ठेवलीत तर तळं होतं, म्हणून गोठलेलीच गरम ट्रेवर टाका. तरी ताज्याइतकी कुरकुरीत होत नाही, अपेक्षा बेताची ठेवा.

मी ना शेफ, ना इलेक्ट्रिशियन. वेळ माझ्या ओव्हनला १८ ते २० मिनिटं लागते, तुमच्याला वेगळी लागेल. आणि तुमचा ओव्हन खरोखरच बिघडलेला असूही शकतो, मी नाही म्हणत नाही. पण फोन करायच्या आधी थर्मामीटर मधल्या रॅकवर अर्धा तास ठेवा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहून काढा. कॉइल बंद-चालू होते तसा थर्मामीटरवरचा आकडा वर-खाली होणारच, तेव्हा एका आकड्यावर जाऊ नका, सरासरी बघा. ती १० अंशांनी चुकत असेल तर तेवढा फरक धरून काटा लावा आणि गप्प बसा. ४० ने चुकत असेल तर तो कागद घेऊनच त्यांच्याशी बोला, म्हणजे हवेत हात फिरवून निदान करता येणार नाही.

आणि उद्या धुण्याआधी आणि धुतल्यानंतर वजन करून बघा. किती ग्रॅम वाढलं ते मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे. ट्रे काचेचा आहे की धातूचा तेही सांगा, फोटोत कळत नाही.